पाचवा नंबर

माझ्या पुढच्या रांगेतल्या बापाने उड्या मारणाऱ्या आपल्या पोराला दंडाला धरून खाली बसवलं. घडलं ते एवढंच. डेट्रॉइटच्या लिटिल सीझर्स अरीनात वरच्या मजल्यावरची स्वस्तातली तिकिटं, 2023 चा मार्च महिना आणि तळाला जाऊन बसलेला पिस्टन्सचा बास्केटबॉल संघ. आजूबाजूला खुर्च्याच खुर्च्या. पूर्वी त्या लाल होत्या. रिकाम्या लाल खुर्च्या टीव्हीवर फार उठून दिसतात, आता सगळ्या काळ्या आहेत. तर त्या काळ्या खुर्च्यांमध्ये सात-आठ वर्षांचा तो मुलगा, अंगात गुडघ्यापर्यंत येणारी निळी जर्सी. जेलन ड्यूरनने हवेतच पकडलेला बॉल दोन्ही हातांनी रिंगमध्ये कोंबला तेव्हा पोरगं खुर्चीवरच चढलं. बाप म्हणाला, ‘‘अरे हळू. आज हरलो तर चांगलंय आपल्याला. व्हिक्टर हवाय ना?’’ पोरगं बसलं. मिनिटभर विचार केल्यासारखं गप्प राहिलं. मग समोरच्या संघाने बास्केट केली, तर त्याने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. बापाने चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘तसंही नाही रे.’’

मला तेव्हा हसू आलं होतं. घरी येताना गाडीत हा किस्सा सांगितला, सगळे हसले. पण नंतर तो डोक्यातून जाईना. मुलाचं गणित चोख होतं. हरायचं असेल तर समोरच्याला टाळ्या. मग बापाला नेमकं काय खटकलं? आणि ‘तसंही नाही’ म्हणजे मग कसं, हे त्याला तरी सांगता आलं असतं का?

व्हिक्टर म्हणजे वेम्बान्यामा. फ्रान्समधला सव्वासात फुटांहून उंच पोरगा, बॉल घेऊन पळणाऱ्या छोट्या चणीच्या गार्डसारखा ड्रिबल करणारा. त्या वर्षी एनबीएतल्या तळाच्या सगळ्या संघांची नजर त्याच्यावर होती. अमेरिकेतल्या या लीगची रचनाच अशी की इथे शेवटच्याला शिक्षा नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या विभागात ढकलले जातात, त्यामुळे तिथे मे महिन्यात तळाशीही जिवाच्या आकांताने खेळ चालतो. इथे तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, वरचा नंबर मिळण्याची आशा असते. हेतू चांगला आहे, दुबळ्याला बळ मिळावं. पण माणूस हा प्राणी असा की दुबळेपणाला भाव आहे म्हटल्यावर तो तब्येतीने दुबळा होतो. ह्यूस्टनने 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोन वर्षं पहिली निवड मिळवली, आधी राल्फ सॅम्पसन, मग हकीम ओलाजुवॉन, तेव्हा ‘हे मुद्दाम हरतात’ अशी कुजबुज इतकी वाढली की 1985 पासून लॉटरी आली. तळाच्या दोन संघांमधल्या नाणेफेकीच्या जागी सोडतीचं नशीब. नंतर त्या नशिबाचीही टक्केवारी बदलत गेली. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच संधी, 14 टक्के. आधी सगळ्यात वाईट संघाला 25 टक्के असायची.

यंत्रात चौदा पिंगपाँगचे चेंडू फिरतात, चार बाहेर येतात, त्यातून 1001 जोड्या बनतात, एक बाद करून हजार वाटतात. सगळ्यात तळाच्या संघाच्या वाट्याला त्यातल्या 140. आणि एक गोष्ट टँकिंगवाले, म्हणजे मुद्दाम हरण्याच्या बाजूचे लोक, कधी मोठ्याने बोलत नाहीत. सर्वात वाईट संघाला सर्वात जास्त शक्यता कुठल्या नंबराची असते? पाचव्या. 47.9 टक्के. जवळजवळ निम्मी.

त्या वर्षी डेट्रॉइट 17 सामने जिंकलं आणि 65 हरलं. अख्ख्या लीगमध्ये तळाला. मे महिन्यात लॉटरी निघाली. व्हिक्टर गेला सॅन अँटोनिओला. डेट्रॉइटला पाचवा नंबर.

तो बाप त्या रात्री पोराला काय म्हणाला असेल, हा विचार माझ्या मनात आलाच. वर्षभर टाळ्या आवरायला शिकवल्या आणि हाती आलं हे. आता मी काही त्या बापाला नावं ठेवत नाही. त्याच हंगामात मीसुद्धा सकाळी उठून निकाल बघताना ‘हरलो, बरं झालं’ असं मनात म्हटलेलं आहे, आणि तसं म्हणताना एक विचित्र हुशारी वाटते. आपण साध्या प्रेक्षकाच्या वर गेलो, आपल्याला दूरचं दिसतं, आपण मॅनेजमेंटच्या टेबलावर बसलोय, अशी काहीशी. तिकीट मात्र आपणच काढलेलं असतं.

आमच्या गाडीत तिघे असायचे. चालवायचा माझा मित्र. तो स्प्रेडशीटवाला माणूस. त्याच्या मते अर्धवट बरा संघ हा सगळ्यात मोठा शाप: नववा-दहावा नंबर, ना प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, दम, ना ड्राफ्टमध्ये नशीब. त्यापेक्षा मोडा, विका, पिक म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडी गोळा करा, तीन वर्षं मार खा. मागे बसायचे शेजारचे काका, निवृत्त इंजिनिअर, पिस्टन्सचे पन्नास वर्षांचे भक्त. 1989 आणि 1990 ची ‘बॅड बॉइज’ची दोन विजेतेपदं त्यांनी बघितलेली, 2004 मध्ये लेकर्सना 4-1 लोळवलं तेव्हा ते ऑबर्न हिल्सच्या पॅलेसमध्ये, पिस्टन्सच्या जुन्या स्टेडियममध्ये होते. तो पॅलेस 2020 मध्ये सुरुंग लावून पाडला, पण I-75 महामार्गावरून जाताना ते अजून त्या बाजूला मान वळवतात. त्यांचा सिद्धांत सरळ: कोच बदला. कुठलाही संघ, कुठलंही दुखणं, औषध एकच. मित्राने एकदा त्यांना पाच वर्षांची योजना समजावून सांगितली, कुठली पिक कधी येतात, पगाराचा बोजा कधी उतरतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तेव्हा मी एक्याऐंशीचा. बॉल दिसायला हवा बाबा.’’

यातला वाद बास्केटबॉलचा आहे असं वरवर वाटतं. मला वाटतं तो कुणाकडे किती वेळ शिल्लक आहे याचा आहे. पस्तिशीतला माणूस सहज म्हणतो की तीन वर्षं पाण्यात गेली तरी चालतील. त्या तीन वर्षांत ज्या मुलाचं वय आठाचं अकरा होणार, त्याला कोणी विचारत नाही. आठव्या वर्षी ज्या संघासाठी खुर्चीवर चढायचं असतं, त्यासाठी अकराव्या वर्षी चढत नाहीत. खेळाडूंचंही तसंच. वीस वर्षांच्या पोरांना रोज रात्री वीस गुणांनी हरायची सवय लागली की तीही एक सवयच असते, मागे धावत न येण्याची, शेवटच्या क्वार्टरमध्ये डोळे न भिडवण्याची. स्प्रेडशीटमध्ये तिला रकाना नाही.

मित्राकडे उत्तर तयार असायचं: ओक्लाहोमा सिटी. आणि उत्तर खोटं नव्हतं. 2019 मध्ये त्यांनी पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे धाडला आणि बदल्यात पाच पहिल्या फेरीच्या पिक, वर शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक सडपातळ गार्ड घेतला. मग दोन हंगाम अनुक्रमे 22 आणि 24 विजय. डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसने त्यांना 152-79 असं हरवलं, 73 गुणांनी, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. आणि त्याच मार्क डॅगनॉल्ट नावाच्या कोचला न हलवता 2025 मध्ये 68 विजय आणि विजेतेपद. 73 गुणांनी हरलेल्या रात्री कोणी म्हटलं असतं की साडेतीन वर्षांनी हा माणूस ट्रॉफी धरेल, तर लोकांनी त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला असता.

मागच्या सीटवरून यावर एकच शब्द यायचा: ‘‘फिलाडेल्फिया.’’

तेही खरंच. संघाचा व्यवस्थापक सॅम हिंकीने तिथे 2013 पासून जे केलं त्याला लोक ‘प्रोसेस’ म्हणू लागले. 19, 18 आणि 10 विजय, असे तीन हंगाम. पहिल्याच हंगामात लागोपाठ 26 पराभव. ती साखळी तुटली ती नेमकी डेट्रॉइटविरुद्ध, हे सांगताना आमचे काका दर वेळी कपाळाला हात लावायचे. हिंकीने 2016 च्या एप्रिलमध्ये तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्याने पेरलेलं सगळं वाया गेलं असं नाही. जोएल एम्बीड तिसऱ्या नंबरावर मिळाला, दोन वर्षं दुखापतीने बसून राहिला, पण पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक स्टेडियममध्ये ‘ट्रस्ट द प्रोसेस’ ओरडायचे आणि त्यात निम्मी थट्टा, निम्मी श्रद्धा असायची. 2019 मध्ये टोरोंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्यांच्या कवाय लेनर्डचा शेवटचा शॉट रिंगवर चार वेळा उडाला आणि आत पडला. एवढ्या वर्षांच्या गणिताचा निकाल रिंगच्या कडेवर चार टप्पे खात लागला. मूळ योजनेत हे चार टप्पे कुठे होते?

मजा म्हणजे त्याच टोरोंटोने वर्षभरापूर्वी काय केलं होतं? 59 सामने जिंकून देणाऱ्या ड्वेन केसीला काढून टाकलं होतं. त्याच आठवड्यात इतर कोचेसनी त्याला वर्षातला सर्वोत्तम निवडलं होतं. पुढे जूनमध्ये लीगचाही पुरस्कार त्यालाच मिळाला, पण तो घेताना तो दुसऱ्याच संघाचा कोच होता. कुठल्या? आमच्या. डेट्रॉइटच्या. म्हणजे त्या मार्चमध्ये ड्यूरनच्या डंकवर बाकावर हाताची घडी घालून उभा असलेला तो शांत माणूस कधीकाळी लीगमधला सर्वोत्तम कोच होता, आणि वरच्या मजल्यावर माझ्या शेजारचे काका म्हणत होते, ‘‘याला काही कळत नाही.’’

कोचला काही कळत नाही, हे वाक्य मी स्वतः इतक्या आत्मविश्वासाने इतक्या वेळा ऐकलं आणि उच्चारलं आहे की त्याची चव तोंडात आहे. आपल्याला दिसतं काय? शेवटची दोन मिनिटं. कोण आत, कोण बाहेर, टाइमआऊट घेतला की नाही. सरावात काय झालं, कोणाचा गुडघा किती सुजलाय, कोणाचं घरी काय चाललंय, यातलं काही नाही. आणि निकाल कळल्यावर बोलायचं असल्यामुळे आपण नेहमी बरोबर असतो.

या वादांचा राजा म्हणजे 2013 च्या फायनल्सचा सहावा सामना. मायामी. सॅन अँटोनिओ पाच गुणांनी पुढे, 28 सेकंद बाकी, हा जिंकला की विजेतेपद. कोर्टभोवती पिवळा दोर धरून सुरक्षारक्षक उभे राहिलेत, ट्रॉफी द्यायची तयारी. घरचे प्रेक्षक निघून चाललेत, काही तर बाहेर पडून पुन्हा आत येण्यासाठी दारं ठोठावणार आहेत. सॅन अँटोनिओचा कोच ग्रेग पॉपोविचने आपल्या टिम डंकनला, संघातल्या सर्वात भरवशाच्या उंच खेळाडूला, बाकावर बसवलं. कारण स्पष्ट होतं: मायामीला तीन गुणांचे शॉट हवे होते, बाहेर पळणाऱ्या नेमबाजांच्या मागे धावायला चपळ माणसं हवी होती, आणि हे तो हंगामभर असंच करत आला होता. मायामीच्या लेब्रॉनने एक थ्री घातला. मग तीन गुणांचा फरक असताना त्याने पुन्हा मारला, चुकला, बॉल वर उडाला. डंकन असता तर कदाचित तो रिबाउंड त्याचा असता. तो बॉश नावाच्या माणसाच्या हातात गेला, त्याने कोपऱ्यात मागे मागे सरकणाऱ्या रे ॲलनकडे फेकला. 5.2 सेकंद बाकी असताना बरोबरी. ओव्हरटाइममध्ये मायामी जिंकली, मग सातवा सामनाही.

मी हा तुकडा परत परत पाहिला आहे. दर वेळी माझं लक्ष ॲलनच्या पायांकडे जातं. रेषेच्या मागे जायला तो न बघता मागे पावलं टाकतो, एक, दोन, तीन, आणि बॉल हातात येईपर्यंत पाय बरोबर जागेवर. डंकन बाकावर असणं ही चूक होती का? शॉट जरा लहान पडला असता, तर हाच निर्णय पॉपोविचच्या धोरणीपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. ज्याने पाच विजेतेपदं मिळवली त्या माणसाच्या बुद्धीचा कस कोणाच्या तरी पावलांवर ठरावा, हे मला अजून पचत नाही. आणि तरीही, खरं सांगायचं तर, मी असतो तर डंकनला आत ठेवलं असतं.

असं म्हणायला मजा येते. पण एक प्रसंग असा आहे की तिथे माझी ही मजा अडखळते. 2023 चा एप्रिल, मिलवॉकी विरुद्ध मायामी, पाचवा सामना. मिलवॉकी पूर्व विभागात पहिली, मायामी कशीबशी आत आलेली आठवी. चौथ्या क्वार्टरला सुरुवात झाली तेव्हा मिलवॉकी 16 गुणांनी पुढे होती, पण जिमी बटलरने अर्ध्या सेकंदावर बरोबरी करून ओव्हरटाइम खेचला आणि मिलवॉकी बाहेर गेली. शेवटच्या क्षणांत कोच माईक बुडेनहोल्झरने हातात असलेले टाइमआऊट वापरलेच नाहीत. आमच्याकडे त्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मित्र टेबलावर बोटं आपटून मोजत होता, इथे एक, इथे एक. काका म्हणाले, झोपला होता का हा माणूस? नंतर बातमी आली की त्याच मालिकेत, चौथ्या सामन्याच्या आधी, त्याचा भाऊ मोटार अपघातात गेला होता. तो तसाच बाकावर येऊन उभा राहिला होता, कोणाला काही न सांगता. दोन वर्षांपूर्वी त्याने त्याच शहराला पन्नास वर्षांनी विजेतेपद दिलं होतं. मालिका संपल्यावर काही दिवसांत त्याला काढून टाकलं.

यावरून टाइमआऊट घेणं चूक ठरत नाही. ते घ्यायलाच हवे होते. काकांनीही तसंच म्हटलं, पण जरा वेळाने, आणि खिडकीबाहेर बघत.

मग आला आमचा तो हिवाळा. केसी गेल्यावर डेट्रॉइटने माँटी विल्यम्सला आणलं. आदल्याच वर्षी फिनिक्समध्ये वर्षातला सर्वोत्तम कोच ठरलेला माणूस. सहा वर्षांचा करार, 78.5 दशलक्ष डॉलर, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे एनबीए कोचला मिळालेला सगळ्यात मोठा. म्हणजे मित्राची पिक आणि काकांचा नवा कोच, दोन्ही एकाच वेळी. दोघेही खूश, गाडीत प्रथमच शांतता. संघ पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकला. आणि मग हरला. मग हरतच गेला. जेडन आयव्हीसारखा 2022 मध्ये पाचव्या नंबरावर घेतलेला वेगवान पोरगा बाकावर आणि त्याच्या जागी किलियन हेज. त्यावरून तर काकांनी रेडिओच बंद केला एकदा. नोव्हेंबर संपला, डिसेंबर आला. लोक ‘सेल द टीम’ ओरडू लागले, मालकाने संघ विकून टाकावा म्हणून. 26 डिसेंबरला 27वा सलग पराभव झाला, एका हंगामातला विक्रम. मग बोस्टनमध्ये ओव्हरटाइमला 28वा. 30 डिसेंबरला टोरोंटोविरुद्ध 129-127 असे जिंकले, आणि लोकांनी दोन गुणांच्या त्या विजयावर असा जल्लोष केला की परक्या माणसाला वाटावं काही चषक वगैरे मिळाला.

तो सामना आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. मित्र उभा राहून ओरडत होता. मी त्याला विचारलं, ‘‘का रे, पिकचं काय?’’ तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘गप बस.’’

हंगाम संपला 14 विजय, 68 पराभवांवर. पुन्हा लीगमध्ये तळाला. पुन्हा लॉटरी. पुन्हा पाचवा नंबर.

माँटीला जूनमध्ये काढलं, पाच वर्षांचे पैसे द्यायचे बाकी असताना. त्याच्या जागी जे. बी. बिकरस्टाफ आला, ज्याला क्लीव्हलंडने नुकतंच काढलं होतं, प्लेऑफची दुसरी फेरी गाठूनसुद्धा. म्हणजे एका शहराने टाकून दिलेला माणूस आमच्याकडे तारणहार म्हणून. काका म्हणाले, बघूया. त्यांचा आवाज मात्र फारसा उत्साही नव्हता. आणि झालं असं की 2024-25 मध्ये डेट्रॉइट 14 वरून थेट 44 विजयांवर गेलं. तिपटीहून जास्त. त्याच वेळी त्याला काढणारं क्लीव्हलंडही सुधारलं, 64 जिंकलं, आणि त्यांचा नवा कोच केनी ॲटकिन्सन वर्षातला सर्वोत्तम ठरला. एकाच बदलाने दोन्ही संघ सुधारले. आता यात कोणाचा कोच बरोबर आणि कोणाचा चूक, हे तुम्ही सांगा.

गाडीत त्या हंगामात एक नवंच भांडण सुरू झालं: श्रेय कोणाचं? मित्र म्हणे, पोरं कोणी आणली? केड कनिंगहॅम 2021 ला पहिल्या नंबरावर आला तो हरलो म्हणून. ऑसार थॉम्पसन त्या पाचव्या नंबरातलाच. काका म्हणत, हीच पोरं गेल्या वर्षी नव्हती का? केड होता, ड्यूरन होता, ऑसार होता, तरी 28 हरले. बदललं कोण? कोच. मी मधेच म्हणायचो की बाबांनो, टोबायस हॅरिस, मलिक बीस्ली, टिम हार्डवे ज्युनियर असे तीन तिशीच्या आसपासचे नेमबाज आणलेत, केडला पास द्यायला आता कोणीतरी आहे ज्याचा शॉट आत जातो. यावर दोघांचं एकमत व्हायचं की मला काही कळत नाही.

माझं खरं मत मी गाडीत कधी नीट मांडू शकलो नाही, सगळे एकदम बोलत असतात. रीबिल्ड, म्हणजे संघ मोडून नव्याने बांधणं, हा शब्द आपण असा वापरतो जणू मधली वर्षं ही नुसती वाट पाहण्याची वर्षं आहेत, पडदा पडलेला आणि आत नेपथ्य बदलतंय. पण त्या वर्षांतही 82 सामने असतात, कोणीतरी ते खेळतं, कोणीतरी गाडी चालवून बघायला जातं. किलियन हेजचं अख्खं डेट्रॉइटमधलं आयुष्य त्या ‘मधल्या’ वर्षांत गेलं. त्याच्यासाठी तो मध्यंतर नव्हता. आणि ‘कोच काढा’ म्हणणाऱ्याला निदान आजची रात्र जिंकायची असते, म्हणून माझं मन काकांकडे जरा जास्त झुकतं, त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा चुकीचं असूनही. ‘हरलो, बरं झालं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते शिव्या देतात, रेडिओ बंद करतात, पण हरलेलं त्यांना हरलेलंच वाटतं. बापाचं ते ‘तसंही नाही रे’ बहुधा याच जागी अडकलं होतं. डोक्याने पराभव मागता येतो, टाळ्या मात्र त्या बाजूला वाजवता येत नाहीत.

2025 च्या एप्रिलमध्ये प्लेऑफ आले. न्यूयॉर्कविरुद्ध. डेट्रॉइट 2008 पासून प्लेऑफमध्ये लागोपाठ 15 सामने हरलं होतं, हाही विक्रमच. दुसऱ्या सामन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 100-94 असा तो मोडला. चौथ्या सामन्यात घरच्या मैदानावर एका गुणाने हरलो, शेवटच्या क्षणी हार्डवेच्या शॉटवर फाउल होता आणि शिट्टी वाजली नाही. सामन्यानंतर पंचांनीच तो फाउल द्यायला हवा होता हे मान्य केलं, पण धावफलकाला त्याचं काय. पाचवा पुन्हा न्यूयॉर्कमध्ये जिंकलो. सहावा 1 मेला, डेट्रॉइटमध्ये.

यावेळी रिकामी खुर्ची दिसत नव्हती, त्यामुळे लाल की काळी हा प्रश्नच नव्हता. तिकिटांची किंमत मी घरी सांगितलेली नाही. आवाज असा की शेजारच्याशी बोलायला कानाला तोंड लावावं लागत होतं. 113-113. न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनच्या नावावर 37 गुण आणि समोर ऑसार थॉम्पसन, आमचा पाचवा नंबर, संघातला सर्वोत्तम बचावपटू. ब्रन्सनने त्याला एका ड्रिबलने असा चकवला की ऑसारचा तोल मागे गेला, हातभर जागा झाली, आणि 4.3 सेकंद बाकी असताना थ्री आत गेला. टाइमआऊट. पुढचा पास बीस्लीकडे, आणि बॉल त्याच्या बोटांतून निसटून बाहेर. 116-113. हंगाम संपला.

पार्किंगमधून गाडी बाहेर निघायलाच बराच वेळ लागला आणि तेवढ्यात दोघांचं सुरू झालं होतं. काकांचं म्हणणं, ब्रन्सनवर दोन माणसं धाडायला हवी होती, बॉल त्याच्या हातातून काढा, दुसऱ्या कोणालाही मारू दे. मित्र म्हणाला, धाडली असती तर कोपऱ्यात मोकळा माणूस राहिला असता, आणि मग तुम्हीच म्हणाला असतात की एकावर एक का नाही ठेवला. काका म्हणाले, मी असं म्हटलंच नसतं. मी म्हटलं, ऑसारच योग्य माणूस होता, त्याच्याहून चांगला कोण आहे आपल्याकडे? त्यावर शेवटचा पास बीस्लीला का, केडला का नाही, हा मुद्दा निघाला. मग बीस्लीची काय चूक, पासच वाईट होता. मग चौथ्या सामन्यातली ती शिट्टी. I-75 ला लागलो तरी ड्राफ्टचं, पिकचं, टक्केवारीचं नाव कोणी काढलं नव्हतं. ऑबर्न हिल्सजवळून जाताना काकांनी मान वळवली नाही, ते ब्रन्सनचा ड्रिबल हाताने करून दाखवण्यात गुंतले होते, सीटबेल्टमध्ये अडकत.

‘‘डावा पाय,’’ ते म्हणाले, ‘‘ऑसारने डावा पाय आधी टाकला. बिकरस्टाफने हे सरावात शिकवायला नको?’’